दुसऱ्या कार्डावर घेतलेला म्हैसासुर

मी वसुलीवाल्याचा दात पाडला तेव्हा पन्नाशीची होते. म्हणजे आजच्या हिशेबानं अगदीच कोवळी. त्या वयात बाईला अक्कल येते म्हणतात. माझी निघाली असणार, पण घाटात कुठंतरी अडकली.

तेव्हा आमच्या घरी एक पांढरी जीप होती. मोखाड्याहून जव्हारला माणसं, कोंबड्या, भाताची पोती आणि अधूनमधून एखादी अडलेली बाळंतीण घेऊन जायची. चालवायचा नवरा. मी पोशेऱ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. सगळे मला सिस्टर म्हणायचे. नवरा रागावला की सिस्टरबाई म्हणायचा. पक्का पगार माझा, म्हणून जीपचं कर्ज माझ्या नावावर. जीप आली, झकास धावली आणि एका पावसाळ्यात वळणावर उलटली. कुणी मेलं नाही. नवऱ्याची मांडी मोडली, इंजिन मोडलं, हप्ते मोडले. मांडी जुळली, इंजिनही जुळलं. हप्ते काही जुळेनात.

वसुलीवाला कुणी शहरातला गुंड नव्हता. आमच्याच गावातला, वरच्या पाड्यावरचा. नवऱ्याला दादा म्हणायचा, मला वहिनी. बारावी शिकलेला, मोटरसायकल असलेला आणि गावातली प्रत्येक चोरवाट माहीत असलेला, म्हणून बँकेनं वसुलीसाठी त्याला धरलं होतं. पहिल्यांदा जीप न्यायला आला तेव्हा मी अंगणात मिरची कुटत होते.

"वहिनी, किल्ली द्या. माझी नोकरी हाय."

"माझी जीप हाय."

"बँकेची हाय, वहिनी. तुम्ही नुसत्या बसता तिच्यात."

ते 'नुसत्या' माझ्या डोक्यात गेलं. हातात लोखंडी बत्ता होता. फेकला. माझा नेम लहानपणापासून चांगला, लोकांच्या कैऱ्या पाडून पाडून तयार झालेला. दात खलबत्त्याच्या बाजूला येऊन पडला. तो तोंड दाबून खाली बसला, बोटांच्या फटीतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मग माझ्यातली नर्स जागी झाली. मी आतून कापूस आणला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हिरडी पुसू लागले. मिरचीच्या हातांनी. दात पडताना तो गप्प होता हो. तेव्हा मात्र असा ओरडला की खालच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली.

त्यानं पोलिसात तक्रार केली नाही. बाईनं दात पाडला हे ठाण्यात कोणत्या तोंडानं सांगणार? आणि तोंडात तर आता खिडकीच झाली होती.

बँकेनंच मग शहाणपणा केला. जव्हारच्या कोर्टात लोक अदालत भरली, तिथं आमची तडजोड लिहिली गेली. दंडव्याज माफ, हप्ता लहान, जीप आमच्याच दारात. बदल्यात दोन अटी. हप्ता चुकवायचा नाही आणि तडजोड चालू आहे तोवर कुठलंही नवं कर्ज काढायचं नाही. क्रेडिट कार्डं असतील तेवढी सगळी जमा करायची. यातलं काही मोडलं तर जीप उचलायला बँक मोकळी, पुन्हा कोर्टात यायची गरज नाही. न्यायाधीश बाईंनी हे मला दोनदा वाचून दाखवलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. मान हलवण्यात मी फार हुशार होते.

बँकेचा साहेब चष्मेवाला, सरळ माणूस. त्यानं विचारलं, "सिस्टर, कार्डं किती?"

"एक."

त्यानं कात्री पुढे केली. मी कार्ड हातात धरलं आणि बाळाची नाळ कापावी तसं सराईतपणे कचकन कापलं. साहेब म्हणाला, "शाब्बास." नवऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. बिचाऱ्याला वाटलं, बायको सुधारली.

दुसरं कार्ड घरी नागलीच्या कणगीत होतं. ते दुसऱ्याच बँकेचं. जव्हारला आरोग्य शिबिर होतं तेव्हा एक टायवाला मुलगा आला होता, त्यानं सगळ्या नर्सना गोड बोलून दिलं. सोनेरी रंगाचं. त्यावर माझं नाव होतं, इंग्रजीत, आणि अक्षरं हाताला लागायची. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव असं उठून आलेलं नव्हतं. मी रात्रपाळीला एकटी असले की त्या नावावरून अंगठा फिरवायची. असलं सोनं कापायचं? नवऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता. त्यानं कणगीत हात घालायचा प्रश्नच नव्हता. घरातली नागली कुठं असते हे त्याला आजही सांगावं लागतं.

मी ते कार्ड वापरणार नव्हते, नुसतं ठेवणार होते. दारुडाही बाटलीबद्दल असंच म्हणतो.

पहिल्याच महिन्यात जीपचा टायर फुटला. दुसऱ्या महिन्यात नणंदेचंच लग्न निघालं. आमच्याकडं कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात आणि पैसे जमले की लग्न लावतात. तिच्या लग्नात तिची दोन पोरंच करवल्या होऊन नाचली. हप्त्याला पैसे उरले नाहीत. जव्हारच्या बाजारात एक दुकानदार होता. कार्ड मशीनमध्ये घासायचा, कागदावर किराणा लिहायचा, आपला कट कापून हातात रोख ठेवायचा. मी ती रोख घेऊन तशीच बँकेत जायची आणि तडजोडीचा हप्ता भरायची. एका बँकेचं कर्ज दुसऱ्या बँकेच्या कर्जानं फेडायची. आणि तेवढी ऐट बघा, पावती घेताना साहेबाला म्हणायची, "एक तरी हप्ता चुकला का?"

"नाही हो सिस्टर, तुमचं उदाहरण मी दुसऱ्यांना देतो."

मी पदर सावरून बाहेर पडायची. जखमेवरची पट्टी पांढरीशुभ्र आहे म्हणून खूश आणि आत पू झालेला. रोज लोकांचे पाय चिरून पू काढणारी मी, मला हे कळू नये?

तर होळी झाली आणि बोहाडा जवळ आला.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. गावची माणसं लाकडी मुखवटे चढवून देव होतात, राक्षस होतात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्र रात्र नाचतात. शेवटच्या दिवशी, उजाडताना, देवी निघते आणि म्हैसासुराला मारते. आमच्या गावात देवीचं सोंग वसुलीवाल्याच्या घराकडं आणि म्हैसासुराचं आमच्या घराकडं. नवऱ्याच्या आज्यापासून हे चाललेलं. त्यांच्या घरानं दरवर्षी आमच्या घराला लाकडी तलवारीचे तीन वार करायचे, तिसऱ्याला आमच्यानं पडायचं, आणि दुपारी दोन्ही घरांनी एका पंगतीला बसायचं. सोंग अंगावर असेल तोवर तो माणूस माणूस नसतो. त्याला नावानं हाक मारायची नाही आणि बाहेरच्यानं अंगाला हात लावायचा नाही. आणखी एक. सोंग घेणाऱ्यानं त्या दिवसांत दारू प्यायची नाही, कुणावर हात उचलायचा नाही.

त्या वर्षी देवळाचं छप्पर घालायचं होतं. पंचांनी ठरवलं, देवी सोडून बाकीच्या सोंगांची बोली लावायची. ज्याची बोली मोठी त्याचं सोंग, आणि पैसे तिथल्या तिथे देवीपुढच्या ताटात.

नवरा मला आधीच म्हणाला होता, "या वर्षी म्हैसासुर जाऊ दे. आपण कोर्टातली माणसं."

मी म्हटलं, "बघू."

देवळापुढं सगळा गाव बसलेला. म्हैसासुराच्या मुखवट्यावर बोली सुरू झाली. शिंगं केवढी, डोळे लाल, दात बाहेर, आमच्या सासूच्या भाषेत, "तुझ्या नवऱ्यापेक्षा रूपानं बरा." वसुलीवाल्यानं आपल्या मेव्हण्यासाठी बोली लावली. मी उठले.

"देवी तुमची, म्हैसासुर पण तुमचाच? मग आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?"

लोक हसले. त्यानं बोली वाढवली. मी वाढवली. नवरा माझा पदर ओढत होता, "बस, बस खाली." वसुलीवाला त्या खिडकीच्या तोंडानं हसला आणि मोठ्यानं म्हणाला,

"वहिनी, तुम्ही कोर्टात गरीब नि इथं श्रीमंत?"

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? खाली बसली असती. मी अशी बोली फेकली की संबळवाल्याच्या हातातली काठी थांबली. मेव्हण्यानं वसुलीवाल्याला हात धरून खाली बसवलं. पंच म्हणाले, "म्हैसासुर सिस्टरच्या घरी. ठेवा पैसे ताटात."

पैसे कुठं होते? मी कमरेच्या पिशवीतून ते कार्ड काढलं. हो, सोबत आणलं होतं. वापरणार नव्हते ना मी ते! गावच्या दुकानदाराला हाक मारली, "जा, तुझी मशीन घेऊन ये. पैसे तुझ्या खात्यात, तू रोख ताटात ठेव." तो पळत गेला, पळत आला. देवीपुढं मशीन ठेवलं. म्हाताऱ्या पुढं सरकल्या. मशीननं कागद बाहेर टाकला तेव्हा एकीनं त्याला हात जोडले.

वसुलीवाल्यानं हात जोडले नाहीत. तो माझ्या हातातल्या कार्डाकडं बघत होता. हसणं बंद झालं होतं. नवराही बघत होता. त्याच्या हातात पंचांनी सोंगाचा नारळ दिलेला. नारळ घेतला की व्रत लागलं, म्हणजे आता तो मला मारू शकत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं नारळ देव्हाऱ्यात ठेवला. अंगणात शेवग्याचं मोठं झाड होतं. त्यानं कुऱ्हाड घेतली आणि त्या झाडावर तुटून पडला. माणसावर हात उचलायची बंदी होती, झाडाबद्दल पंच काही बोलले नव्हते. ढलप्या भिंतीवर आपटत होत्या, कोंबड्या फडफडत छपरावर गेल्या. झाड आडवं झालं तरी तो बुंध्यावर घाव घालत राहिला. सासू ओसरीवरून म्हणाली, "बाय, तुझ्या वाटणीचं आहे ते. मोजून घे."

मी म्हणाले, "अवो, ऐका तरी."

"किती दिवस?"

"तडजोडीच्या आधीपासून."

"हप्ते त्यातनंच?"

मी मान हलवली. त्यानं कुऱ्हाड इतक्या जोरात बुंध्यात मारली की ती निघेना. दोन दिवस ती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी वसुलीवाला आला, अनवाणी; देवीचं सोंग त्याचंच, म्हणून तोही व्रतात. अंगणाच्या बाहेर उभा राहिला. बत्त्याच्या पल्ल्याबाहेर.

"दादा, मी साहेबाला सांगितलं. सांगावं लागलं. गावानं बघितलंय, उद्या माझ्यावरच यायचं. साहेब बोलला, अट मोडली, जीप घेऊन ये. देवी निघून जाऊ दे, मग येतो."

नवरा म्हणाला, "ये."

"राग धरू नको, दादा."

"व्रतात हाय मी," नवरा म्हणाला. "व्रत संपल्यावर धरीन."

आता दोघांच्याही पोटात राग, आणि दोघांचेही उत्सव संपेपर्यंत हात बांधलेले. हात उचलायची मुभा एकाच जागी होती, देवळापुढच्या रिंगणात, मुखवट्याआड. हे गावातल्या पोरासोरांना कळलं होतं. मला नाही कळलं. मी हिशेब करत होते की पगारातून उचल मिळाली तर साहेब ऐकेल का.

शेवटच्या दिवशी उजाडताना सगळा गाव रिंगणाभोवती उभा होता, निम्मा गाव दुसऱ्या निम्म्याला टेकून. रात्रभर मोहाची दारू झालेली. आधी म्हैसासुर आला. नवऱ्याला त्या मुखवट्यातून नीट दिसत नाही. तोंडाच्या फटीतून फक्त समोरची जमीन दिसते. कमरेला उपरणं बांधून मागून दोघांनी धरलेलं. तो उड्या मारत आला, धूळ उडवत. मग देवी. हळदीनं पिवळे हात, हिरवं लुगडं, पाठीला बांधलेली प्रभावळ, हातात सागाची तलवार, तिला चांदीचा कागद. संबळ चढला.

पहिला वार खांद्यावर. तो रिवाजाचा वार नव्हता. रिवाजाचा वार टेकतो, हा बसला. धप्प आवाज माझ्यापर्यंत आला. म्हैसासुरानं शिंगं खाली घालून धडक दिली, तीही रिवाजात नव्हती. देवी दोन पावलं मागं गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसरा वार पाठीवर, तलवारीचा चांदीचा कागद फाटून लोंबू लागला. तिसरा कमरेवर.

आणि म्हैसासुर पडला नाही.

आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं. संबळवाला थांबेना, कारण म्हैसासुर पडल्याशिवाय संबळ थांबत नाही. देवी थांबेना, कारण असुर उभा असताना देवीनं तलवार खाली करायची नाही. नवरा पाय रोवून उभा. मागचे दोघं त्याला ओढत होते, "दादा, पड! पड ना!" तो पडेना. जीप जाणार, इज्जत गेली, बायको खोटी निघाली. पडायचं की नाही एवढं एकच त्याच्या हातात उरलं होतं. चौथा वार. पाचवा. मग मी मोजले नाहीत. देवीच्या मुखवट्याआडून रडल्यासारखा आवाज येत होता, "पड रे, पड, पड!" आणि प्रत्येक 'पड'ला एक वार. शिट्ट्या बंद झाल्या. एक शिंग मोडून उडालं. पुढचा वार मुखवट्याच्या कडेवर बसला, मुखवटा गर्रकन फिरला, लाकडाची कड कानामागं घुसली आणि माझा नवरा बुंध्यावरून कापलेल्या झाडासारखा खाली आला.

संबळ थांबला. आणि रिंगणात शिरले मी.

सोंगाला हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. मी हात नाही लावला. मी चावले. तलवारीच्या हाताला, मनगटाच्या वर, हळदीवर, दात रुतेपर्यंत. तोंडात हळद नि रक्त. देवीनं किंकाळी मारली, प्रभावळ खाली पडली. मी तिच्या लुगड्याला धरून तिला खाली ओढलं आणि गुडघा पोटात घातला. चारी बाजूंनी बाया ओरडल्या, "देवीला चावली! सिस्टर देवीला चावली!" दोघांनी मला बगलेत धरून उचललं. मी हवेत लाथा मारत होते. त्यातली एक लाथ पंचांच्या छातीत बसली. त्याबद्दल मात्र मला आजही वाईट वाटत नाही.

मग मला नवऱ्याचा कान दिसला. कानातून रक्त येत होतं, कानामागच्या जखमेतून नव्हे, आतून. मी खाली बसले, पापणी वर केली. एक बाहुली मोठी, दुसरी लहान. मार, बोली, कार्ड, कोर्ट, सगळं एका क्षणात बाजूला पडलं.

"गाडी! जव्हार! आत्ता!"

जीप दारात उभी होती. चालवायला कोण? ड्रायव्हर म्हणून मिरवणारे गावातले चारही जण मोहाच्या झाडासारखे वाकलेले होते. एकानं दार उघडायचा प्रयत्न केला, तो आमच्या गोठ्याचं दार उघडत होता. अँब्युलन्सला फोन लागेपर्यंत अर्धा घाट उतरून झाला असता. त्या पहाटे गावात गाडी चालवता येणारी दोनच माणसं शुद्धीवर होती, व्रतामुळं. एक धुळीत पडलेलं होतं.

दुसरं माझ्यासमोर आलं. मुखवटा काढलेला, तोंड घामानं नि हळदीनं माखलेलं, हातावर माझे दात. "वहिनी, किल्ली द्या."

तेच वाक्य. पहिल्यांदा ते ऐकून मी त्याचा दात पाडला होता. आता किल्ली माझ्या कमरेला होती. ती सोडायला गेले, पण नाडीची गाठ सुटेना. त्यानंच ती तोडली.

हिरवं लुगडं मांड्यांपर्यंत खोचून देवीनं जीप काढली. मी मागं, नवऱ्याचं डोकं मांडीवर, कानाखाली माझा पदर. पहाटेचा घाट, वळणावळणाचा. समोरून दुधाची गाडी आली, तिच्या ड्रायव्हरनं देवीला चाकामागं बघितलं आणि गाडी सरळ नाल्याच्या कडेला घातली.

"हळू! मारशील त्याला!"

"मारला तर मीच ना, वहिनी! मारला तर मीच!" तो ओरडला आणि पुढच्या वळणाला त्यानं तोंडातल्या तोंडात शिव्या घातल्या. मला की स्वतःला, कळलं नाही. "पडला का नाही तो? तीन वार ठरलेत. तिसऱ्याला पडायचं असतं ना!"

"तू मारलंस का?"

"तुम्ही चावलात का?"

मग जव्हार येईपर्यंत मी नवऱ्याची नाडी मोजत राहिले.

सरकारी दवाखान्यात त्यानं नवऱ्याला खांद्यावर टाकून आत नेलं. रांगेतली माणसं उठून बाजूला झाली, एका म्हातारीनं पायाला हात लावला. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, नाशिकला फोटो काढायला पाठवावं लागेल का ते बघू म्हणाले. दुपारी नवऱ्यानं डोळे उघडले. पहिलं काय बोलला असेल? "पडलो का मी?"

"पडलात," मी म्हटलं.

"मग आधी का नाय पाडलं त्यानं नीट?"

मी बाहेर आले. वसुलीवाला भिंतीला टेकून बसला होता. लुगडं सोडून कुणाचीतरी चादर गुंडाळली होती, मनगटाला पट्टी. मला बघून उभा राहिला.

"दादा?"

"बोलतोय. डाव्या कानानं ऐकू येत नाही."

त्यानं मान खाली घातली. मनगटाची पट्टी आवळली. मग म्हणाला, "वहिनी, किल्ली माझ्याकडंच राहणार."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"जीप आता साहेबाच्या आवारात लावतो. आज नेली नाय तर मला परत तुमच्या दारात यायला लागेल, न्यायला. तुमच्या दारात परत यायची माझ्यात ताकद नाय."

मी त्याला मारलं. उजव्या हातानं, तोंडावर, सगळ्या ओपीडीसमोर. आवाज असा आला की कंपाउंडरनं खिडकीतून डोकं काढलं. तो हलला नाही. गाल लाल झाला, दाताच्या खिडकीतून जरा रक्त आलं.

"झालं?" तो म्हणाला. "जाऊ?"

मी दुसरा हात उचलला होता. तो तसाच राहिला. या माणसाला मारून किल्ली मिळणार नव्हती. किल्ली मी कधीच देऊन बसले होते; आज पहाटे नाही, देवीपुढं मशीन ठेवलं तेव्हा.

"जा," मी म्हटलं. "दुसऱ्या गिअरला अडकते. जोरात ओढ."

तो जीप घेऊन गेला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिचा आवाज ऐकला, बाजाराच्या उतारापर्यंत.

पुढचं सगळं नीरस आहे. बँकेनं जीप विकली. उरलेलं कर्ज माझ्या पगारातून कापलं गेलं, दुसऱ्या कार्डाचंही, मी निवृत्त होईपर्यंत. चष्मेवाल्या साहेबानं माझं उदाहरण देणं बंद केलं नाही, फक्त कशाचं उदाहरण ते बदललं. पंचांनी देवीला चावल्याबद्दल मला एक बोकड दंड केला. सासूनं भर पंचायतीत विचारलं, "बोकड कार्डावर घेणार की रोख?" आणि दुसऱ्या वर्षीपासून ठराव झाला की म्हैसासुरानं पहिल्याच वाराला पडायचं. आता तर पोरं तलवार उगारायच्या आधीच पडतात.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं म्हातारे मोखाड्याच्या फाट्यावर उभे होतो, जव्हारला डोळे दाखवायला जायचं होतं. एक जीप आली. निळी रंगवलेली, टपावर कोंबड्यांची खुराडी, कुणा दूरच्या गावच्या पोराच्या मालकीची. आत जागा नव्हती, तरी त्यानं आम्हाला कोंबलं. मला मागं, नवऱ्याला पुढं. चढाला गाडी कुरकुरली. नवऱ्यानं चांगला कान ड्रायव्हरकडं वळवला आणि एकदम त्याच्या हातावर चापट मारली.

"दुसऱ्याला अडकते ना? जोरात ओढ, भाड्या, नायतर घाटात मारशील सगळ्यांना!"

पोरगा दचकला, त्यानं ओढलं, गाडी चढली. आरशातून मला म्हणाला, "आजी, बाबांना कसं कळलं? गाडी काय तुमची होती का?"

नवरा तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आमची असती, तर तुला आत घेतलं असतं का? पुढं बघ."